पहिल्या घासाचा वाद

वासंती, तुला जाऊन अजून आठवडा झाला नाही आणि तुझी लेक मला रोज फोन करते. कालपर्यंत ती रडली नव्हती. रडली असती तर मला सोपं गेलं असतं. सोसायटीच्या लिफ्टबद्दल बोलते, तुझ्या कपाटातल्या साड्यांचं काय करायचं ते विचारते, शेजारच्या आंटींनी आज काय पाठवलं ते सांगते. आणि शेवटी दर वेळी तेच विचारते, "मावशी, आईला भूक लागत होती का?" मी काहीतरी गुळमुळीत बोलते आणि फोन ठेवते.

ज्या मावशीने आयुष्यभर कोंबडीच्या पिल्लांच्या रक्तात भूक शोधली, तिला या प्रश्नाचं उत्तर यायलाच हवं, असं मधुराला वाटतं. तिचं काय चुकलं? नाकातून नळी घालायची की नाही, हे डॉक्टरांनी विचारलं तेव्हाही तिने माझ्याकडेच पाहिलं होतं. मी म्हणाले, "तिचं ठरलंय. नळी नको." मोठ्या ठामपणे म्हणाले. आता रोज सकाळी उठल्यापासून एकच डोक्यात येतं, की ते खरंच तुझं ठरलं होतं, की तुझ्या शरीराने परस्पर ठरवून तुला नुसतं कळवलं होतं.

तुमच्या गुडगावच्या मराठी मंडळाला अंकात तुझ्यावर चार शब्द हवे आहेत. जन्म कुठला, शिक्षण काय, समाजकार्य वगैरे. मी बसले लिहायला आणि दोन ओळींत वैतागले. तुझं समाजकार्य म्हणजे दिवाळीच्या फराळात चकल्या कडक झाल्या म्हणून सगळ्यांदेखत नावं ठेवणं. ते काही छापण्यासारखं नाही. म्हणून तुझ्याशीच बोलते आहे. ऐकायची सवय तुला कधी नव्हतीच, त्यामुळे फार फरक पडायचा नाही.

आठवतं, आपण दोघी एकाच सुमारास त्या सरकारी प्रयोगशाळेत लागलो. तू पुण्याची जनावरांची डॉक्टर, मी नागपूरची बायोकेमिस्ट. दिल्लीत आलं की मराठी माणसं एक होतात म्हणतात. तसं काही होत नाही. माझं आडनाव ऐकलं की काही घरांत एक क्षण बोलणं थांबायचं, मग नको इतक्या गोड आवाजात चहा विचारला जायचा. त्या क्षणाची मला सवय झाली होती. तू मात्र पहिल्याच दिवशी माझ्या डब्यातली वांग्याची भाजी न विचारता उचललीस आणि म्हणालीस, "तिखट आहे, पण बरी आहे." तेव्हापासून आपलं भांडण सुरू झालं.

मग देश खुला झाला. रोज पेपरात तेच. लोक नोकऱ्या सोडून काहीबाही सुरू करायला लागले आणि तुझ्या अनिलच्या डोक्यात शिरलं, की आता दिल्ली रोज चिकन खाणार. तू पक्की सरकारी नोकरी सोडलीस तेव्हा आपल्या साहेबांनी तुला वेड्यात काढलं होतं. मीही काढलं होतं. गुडगावच्या पुढे सोहना रोडला मोहरीच्या शेतांमध्ये तुम्ही जमीन घेतलीत आणि अंडी उबवायची हॅचरी टाकलीत. आजूबाजूला घर नाही. वीज आली तर आली, नाहीतर जनरेटर. रस्त्याच्या कडेला मात्र प्रॉपर्टी डीलरांचे रंगीत तंबू, आणि शेतात चुन्याच्या रेघा मारून ठेवलेल्या. त्या रेघांकडे बघून अनिल हसायचा, "इथे कोण राहायला येणार?"

मी आर. के. पुरमच्या क्वार्टरमधून निघायचे, धौला कुआंला हरियाणा रोडवेजची बस पकडायचे आणि पुढे टेम्पोत कोंबून घ्यायचे. पहिल्यांदा आले तेव्हा तुझ्या सासूबाई ओट्यापाशी उभ्या होत्या. मी मनाची तयारी करून होते, आता आडनाव विचारतील. त्यांनी विचारलं, "जेवलीस का?" मी हो म्हणाले तर म्हणाल्या, "खोटं बोलतेस, तोंड सुकलंय," आणि ताट वाढलं. आडनाव त्यांनी पुढे कधीतरी विचारलं असेल, मला आठवतही नाही. त्या घराने मला जे दिलं ते इथे सांगत बसले तर मंडळाचा अंक पुरायचा नाही.

पण तुमच्या धंद्याची एक रीत मला पहिल्या दिवसापासून खटकली. अंडी सगळी एकदम फुटत नाहीत. काही पिल्लं लवकर बाहेर येतात, काही रेंगाळतात. मशीनचं दार मधेच उघडलं तर आतली ऊब आणि ओल जाते, म्हणून बहुतेक सगळी निघेपर्यंत दार बंद. लवकर आलेली पिल्लं तशीच आत बसून राहतात. मग ती बाहेर काढायची, निवडायची, लस टोचायची, पेट्यांत भरायची, आणि ट्रक निघणार हिसारच्या नाहीतर मेरठच्या फार्मवाल्यांकडे. पहिला दाणा चोचीत पडेपर्यंत त्या पहिल्या पिल्लांचे दोन दिवस सहज जायचे. जे आधी आलं, तेच जास्त उपाशी. मी म्हणाले, "हा काय न्याय आहे?"

तू हसलीस. "न्याय काय, रत्ने? पोटात बलक घेऊनच जन्माला येतं ते. निसर्गाने शिदोरी बांधून दिलीय. मरत नाही."

"मरत नाही म्हणजे भुकेलं नाही, असं होत नाही."

"तुला कसं कळलं? तू विचारलंस त्याला?"

विचारता येतं, असं माझं म्हणणं होतं. रक्ताला विचारता येतं. थायरॉइडची ग्रंथी हॉर्मोन सोडते ते बरंचसं निजलेल्या रूपात असतं. शरीरात त्याचं जागं रूप तयार होतं आणि त्याच्या जोरावर पिल्लू ऊब धरतं, वाढतं. पोटात दाणा गेला, की यकृत हे जागं हॉर्मोन मोडायचं कमी करतं आणि रक्तात त्याची पातळी वर चढते. दाणा आला नाही, तर यकृत ते मोडत राहतं. शरीर गॅस बारीक करून ठेवतं. वरून पिल्लू शांत दिसतं, पण ते तृप्तीने शांत झालेलं नसतं. मी हे तुला ओट्यापाशी, मशीनपाशी, टेम्पोच्या थांब्यावर, किती वेळा सांगितलं असेल. तू ऐकून घ्यायचीस आणि मग पिल्लू तळहातावर उचलून दाखवायचीस.

"हे बघ. याला भूक म्हणजे काय ते अजून ठाऊक नाही. तू चार दाणे दिलेस की कळेल. मग मी याला पेटीत घालणार. पेटीत काय आहे? भुसा. हिसारपर्यंत भुसा. जागं करायचं आणि पुढे काही द्यायचं नाही, हा तुझा न्याय?"

"मग पेटीतही दे."

"तू बस ट्रकमध्ये आणि भरव."

असं ते चालायचं. अनिल मधे पडायचा नाही, तो तेवढा शहाणा होता.

शेवटी तूच म्हणालीस, करून बघू. तुझी हॅचरी, माझी प्रयोगशाळा. पिल्लांच्या दोन टोळ्या केल्या. एकीला अंग सुकल्याबरोबर भरडलेला मका आणि पाणी, दुसरीला धंद्याच्या रिवाजाप्रमाणे काही नाही. ओळखू यावीत म्हणून एका टोळीच्या डोक्यावर जांभळं औषध लावलं आणि आपली बोटं पुढे किती दिवस जांभळी राहिली. रक्ताच्या बारीक नळ्या बर्फाच्या डब्यात घालून मी बसमधून यायचे तेव्हा कंडक्टर म्हणायचा, "मॅडम, कुल्फी है क्या?" मी आणि तू त्या दिवसांत जितकं हसलो तितकं पुढे कधी हसलो नाही.

आणि निकाल काय आला? दोन्ही टोळ्या सारख्या. पोटभर खाल्लेल्यांचं हॉर्मोन चढलेलं आणि उपाशी ठेवलेल्यांचंही चढलेलं. मी मोजमाप परत केलं. परत तेच. मला रडूच यायचं बाकी होतं. जे मी शपथेवर सांगत होते तेच माझ्या हातून खोटं निघत होतं. तुमच्याकडे येऊन मी जेवायच्या पानावर हे सांगत होते आणि सासूबाई शांतपणे आमटी वाढत म्हणाल्या, "कोपऱ्यातल्या खोलीतली का? त्यांना मी रवा घालत होते. भाजून घालत होते, बाधू नये म्हणून."

तुझ्या हातातला घास तसाच राहिला.

"अगं, इकडची खातायत आणि तिकडची नुसती भिंतीला चोची मारतायत. त्यांच्यासमोरून मला जेवायला जाववेना," त्या म्हणाल्या. "तुम्ही शिकलेल्या. तुम्हाला जमतं."

तू इतकी हसलीस की ठसका लागला. मी मात्र पानावरून उठले, बाहेर मोहरीच्या बांधावर जाऊन बसले आणि चिडून रडले. तू मागे आलीस. पाणी आणलं होतंस. "पुढच्या खेपेला आईंना पुण्याला पाठवू आणि परत करू," म्हणालीस. ती पुढची खेप कधी झाली नाही. आणि त्यानंतर वाद निघाला की तू मिस्कील चेहरा करून म्हणायचीस, "दोन्ही सारखी आली होती ना? मग संपलं." मी म्हणायचे, तो प्रयोगच बाद होता. तू म्हणायचीस, "बाद कसा? उपाशी कोणीच राहिलं नाही, तर फरक कुठून येणार?" आणि हे तुझं बोलणं शास्त्राच्या दृष्टीने इतकं बरोबर होतं की माझा आणखी संताप व्हायचा.

एक गोष्ट मात्र मी तुला कधी सांगितली नाही. मी गाडी चालवायला शिकले ती तुमच्या पिल्लांच्या व्हॅनवर. नव्या सेक्टरांचे रस्ते तयार होते, खांब उभे होते, पण घर एकही नव्हतं. त्या रिकाम्या चौकांत तू मला क्लच सोडायला शिकवलंस, मागे पेट्यांमध्ये चिवचिवाट चाललेला. मी गचके देत होते आणि तू ओरडत होतीस, "हळू, माझा माल आहे मागे!" त्या दुपारी मी आयुष्यात पहिल्यांदा या शहरात मोकळी झाले. तेव्हा सांगायला हवं होतं. आपण फक्त भांडणाचं बोलायचो.

पुढचं सगळ्यांना माहीतच आहे. चुन्याच्या रेघा तुमच्या कुंपणापर्यंत आल्या. शेजारच्या शेतात पाया खणला गेला, मग नवे रहिवासी कोंबड्यांच्या वासाची तक्रार करायला लागले. अनिल थकला होता. तुम्ही जमीन दिलीत आणि तिथेच उभ्या राहिलेल्या इमारतीत वरच्या मजल्यावर फ्लॅट घेतलात. बाल्कनीतून खाली बोट दाखवून तू पाहुण्यांना सांगायचीस, "तो स्विमिंग पूल आहे ना, तिथे माझी मशीनं होती. आता त्यात कॉल सेंटरवाले पोहतात." मी एकदा फोन करून तुला सांगितलं, की बाहेरच्या देशात आता अंडं फुटल्याबरोबर मशीनमध्येच दाणापाणी द्यायचं बोलतायत. मला वाटलं, मान्य करशील. तू म्हणालीस, "छान. स्विमिंग पूलला जाऊन सांग."

अनिल गेला, मग सासूबाई गेल्या. तू आणि मधुरा राहिलात. आणि मग या पोटाच्या दुखण्याने तुला धरलं.

मला तुझ्या त्या शेवटच्या दिवसांबद्दल लिहायचं नव्हतं, पण ते टाळून पुढे जाता येत नाही. आधी तू कमी खायला लागलीस. मग चव नाही म्हणालीस. मग नुसतं "नको". मधुरा तुझ्यामागे वाटी घेऊन फिरायची, "आई, थोडं तरी. एकच चमचा, बिल्कुल छोटा." तू तोंड फिरवायचीस. हॉस्पिटलमधला तो तरुण डॉक्टर, चांगला होता बिचारा, आम्हा दोघींना बाहेर घेऊन गेला. "देखिए, ट्यूब डाल सकते हैं। थोड़ा फीड जाएगा। पर आंतें आगे ले जाएँगी कि नहीं, उल्टी होगी कि नहीं, मैं गारंटी नहीं दे सकता। आप लोग डिसाइड कर लीजिए।"

मधुराचा चेहरा तू पाहिला नाहीस. तुझी एकुलती एक मुलगी, नव्या कंपनीत एवढ्या माणसांची साहेब, आणि त्या कॉरिडॉरमध्ये ती शाळेतल्या पोरीसारखी माझी ओढणी धरून उभी होती. "मावशी, तू सांग. तिला भूक नाहीये, की हे तिचं डिसिजन आहे? मला यार काही समजत नाहीये. नाही म्हटलं आणि ती उपाशी असली तर?"

मी आत आले. तुला विचारलं, "वासंती, नळी घालायची का?" तू डोळे न उघडता मान हलवलीस. मी परत विचारलं. तू हात उचललास आणि माझा हात बाजूला केलास. मी बाहेर जाऊन म्हणाले, "तिचं ठरलंय." मधुराच्या खांद्यावरचं ओझं उतरलेलं मला दिसलं. ते उतरावं म्हणूनच मी इतक्या ठामपणे बोलले, हेही आहेच.

पण मला एक माहीत होतं आणि ते त्या वेळीही माझ्या मनात आलं होतं. फार वेळ उपाशी ठेवलेल्या पिल्लांपुढे दाणे टाकले, तर सगळीच पिल्लं धावत येत नाहीत. काही दाण्यांतच उभी राहून पेंगतात. फार्मवाले मग एकेकाची चोच धरून पाण्यात बुडवतात, तेव्हा कुठे त्याला आठवतं. ते पिल्लू नको म्हणत नसतं. त्याच्यात हवं म्हणायची ताकद उरलेली नसते. मग तू माझा हात बाजूला केलास तो कुठल्या अर्थाने? मरायच्या आधी शरीर आपणहून अन्न सोडतं, तेही मला ठाऊक आहे. पुस्तकात दोन्ही लिहिलेलं आहे, पण तुझ्या त्या हाताला कुठलं लागू होतं ते मला कोण सांगणार?

आणि मग तू ती पेज खाल्लीस. नळी नको म्हटल्यावर त्याच संध्याकाळी मी घरून भाताची पेज आणली होती, उगीच, माझ्या समाधानासाठी. चमचा ओठाला लावला आणि तू घेतलास. दुसराही घेतलास. थोड्या वेळाने डोळे उघडलेस, माझ्याकडे नीट पाहिलंस आणि म्हणालीस, "मीठ कमी आहे." मधुरा हसली, रडली, पलंगाच्या त्या बाजूने धावत आली. मी तिसरा चमचा पुढे केला आणि तू ओठ घट्ट मिटलेस. नुसते मिटले नाहीस, मान वळवलीस, मधुराकडे बघितलंस आणि माझ्या मनगटाला धरून चमचा खाली ठेवायला लावलास. त्या हातात जोर होता. त्यानंतर तू काही घेतलं नाहीस, आणि एका दिवसाने गेलीस.

मधुराचा प्रश्न तिथूनच निघाला आहे. "तुझ्या हातून खाल्लं ना तिने? मग भूक होती ना?" त्या दोन चमच्यांनी तू जागी झालीस, हे तिने डोळ्यांनी पाहिलं. मीही पाहिलं. पोटात अन्न जातं आणि शरीर गॅस मोठा करतं, हेच तर मी तुला इतकी वर्षं सांगत होते. माझं म्हणणं तू पलंगावर पडून सिद्ध केलंस आणि मला त्याचा आनंद होईना. कधी वाटायचं, आणखी चार चमचे गेले असते तर तू उठून बसली असतीस. कधी वाटायचं, माझं मन राखायला तू ते घेतलेस. कधी तुझाच राग यायचा. सरळ शब्दांत सांगायला काय झालं होतं? चकल्यांबद्दल बोलताना कधी संकोच केला नाहीस.

काल दुपारी मधुरा न कळवता द्वारकेला माझ्या घरी आली. ऑफिसला गेलेली नव्हती. हातात स्टीलचा डबा. तुमच्या मजल्यावरच्या आंटी अजून रोज डबे पाठवतात, घरात चूल पेटवू देत नाहीत. "कढी-चावल आहे," ती म्हणाली. "मला एकटीला जात नाही. तू जेवलीस?"

"भूक नाही मला."

ती स्वयंपाकघरात गेली. ओटा कोरडा होता. फ्रिज उघडून पाहिला तिने, आणि परत येऊन माझ्यासमोर बसली. "कधीपासून जेवली नाहीस?"

मी म्हणाले, चहा घेते, बिस्किटं खाते, मला काही होत नाही. चिडूनच म्हणाले. तेव्हा ती म्हणाली, "मावशी, हे तुझं डिसिजन आहे, की तुझ्या बॉडीने ठरवलंय?"

टोमणा नव्हता तो. ती खरंच विचारत होती, कारण विचारायला आता दुसरं कोणी नव्हतं. मी स्वतःच्या आत शोधलं, वासंती. न जेवायचं असं मी काही ठरवलेलं नव्हतं, आणि भूकही कुठे नव्हती. नुसतं एक "नको" होतं, तेही कुठून आलं ते मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं मी दुसऱ्यांच्या रक्तात हे शोधत होते, आणि स्वतःचं मला ओळखता येईना.

मधुराने डबा उघडला. हाताने घास कालवला आणि माझ्या तोंडापुढे धरला. "एक खा. मग बोल जे बोलायचं ते."

मी तो गिळला. मग दुसरा. आणि तिसरा घास ती कालवत होती तेवढ्यात मला भूक लागली. अशी लागली की मी तिच्या हातातून डबा ओढून घेतला. कढी मनगटावरून ओघळत होती, नाक वाहत होतं, मी रडत होते आणि खात होते, आणि थांबता येत नव्हतं. मला लाज वाटत होती तरी थांबता येत नव्हतं. मधुरा समोर बसून हे सगळं बघत होती. डबा रिकामा झाला तेव्हा मी वर पाहिलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"म्हणजे आईलाही लागली असती," ती म्हणाली.

मला खोटं बोलता आलं नाही. "हो. लागली असती."

"मग आपण..."

"मग आपण पुढे काय दिलं असतं तिला?" मी म्हणाले. "आतडं पुढे काही नेईलच असं नाही, डॉक्टर म्हणाले होते ना? अन्न उलटून पडलं असतं आणि भूक मात्र जागी राहिली असती. ते तिला माहीत होतं, मधुरा. जागं करायचं आणि पुढे काही द्यायचं नाही, हे तिला कधीच मान्य नव्हतं. दोन चमच्यांनी तिला भूक लागली होती. लागली म्हणूनच तिने तिसरा घेतला नाही. ते तिचंच ठरलं होतं."

मधुरा तेव्हा रडली. तू गेल्यापासून पहिल्यांदा, मोठ्याने, माझ्या मांडीवर डोकं घालून. मी तिच्या केसांवरून खरकटाच हात फिरवत राहिले.

वासंती, हे सगळं तुझं म्हणणं आहे. मी उभं आयुष्य त्याच्याशी भांडले आणि काल ते माझ्या तोंडून निघालं. बोलताना ते खरं असावं असं मला इतकं वाटत होतं, की निकाल इतका मनासारखा हवा असलेल्या माणसाला मी प्रयोगशाळेत रक्ताच्या एकाही नळीला हात लावू दिला नसता.